उसाची हजेरी

शिरूर कासारच्या त्या कॉलेजात एक रीत होती, आणि ती कुठल्याही परिपत्रकात लिहिलेली नव्हती. दिवाळी उरकली की आसपासच्या गावांतली कितीतरी घरं ट्रॅक्टरवर बिऱ्हाड चढवून ऊस तोडायला निघत. त्यांच्याबरोबर वर्गातली पोरंपोरीही जात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येत. मधले सगळे महिने प्राध्यापक मंडळी त्यांच्या नावापुढे 'हजर' लिहीत. स्टाफरूममध्ये याला 'उसाची हजेरी' म्हणत. ही फसवणूक आहे असं कुणाच्या मनातही येत नसे. पोरगं उन्हाळ्यात येऊन परीक्षेला बसलं पाहिजे, बस्स, एवढाच त्यामागचा विचार. त्यात विद्यापीठाचं काय जात होतं?

वनमाला तिथं समाजशास्त्र शिकवायची. ती स्वतः याच रितीवर बी.ए. झालेली. आईबाप फडात ऊस तोडायचे, ही फडाकडेच्या पाचटाच्या कोपीत भाकरी थापायची, धाकटी भावंडं सांभाळायची, आणि इकडं उत्तरेश्वर सर तिच्या नावापुढं न चुकता 'हजर' लिहायचे. ही रीत पाडली ती त्यांनीच. सर आता नाहीत. ते असते तर पुढचं सगळं त्यांनी एका शब्दात थांबवलं असतं, असं वनमालाला आजही वाटतं.

झालं असं, की प्राचार्य आदिनाथ सरांनी कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाचं काम तिच्या गळ्यात घातलं. काम म्हणजे काय, तर आकडे गोळा करायचे आणि वर पाठवायचे. दुसऱ्या कुणी ते चहा पिता पिता उरकलं असतं. वनमाला पडली हाडाची अभ्यासू. या आकड्यांचं करायचं काय, हे शिकायला म्हणून तिनं दूरच्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम धरला. नाव भलंमोठं: 'इन्स्टिट्यूशनल रिसर्च'.

"डाक्टरेट झालेल्या बाईला आता आनि काय शिकायचं ऱ्हायलं?" सासूबाईंनी, सुभद्राबाईंनी विचारलं.

"दुसऱ्याचा अभ्यास लई झाला, आत्याबाई. आता कॉलेजानं सोताला तपासायचं. त्याचं शिक्षन हाय हे."

"तपासा बाई," सुभद्राबाई म्हणाल्या, "पन काय निघालं तर औषध हाय का तुमच्याकडं?"

वनमाला हसली. तेव्हा तिला हसू येत होतं.

रविवारी सकाळी वर्ग भरायचा. नेट फक्त गच्चीवर पकडायचं, म्हणून ती पाण्याच्या टाकीच्या सावलीत लॅपटॉप मांडून बसायची. पडद्यावरच्या चौकोनांत मोठमोठ्या शहरांतले कुलसचिव, उपप्राचार्य, अधिकारी, आणि कोपऱ्यात ही. शिकवायला प्रियदर्शनी मॅडम होत्या. हुशार आणि प्रेमळ बाई. त्यांनी सांगितलं, आपापल्या संस्थेचा एकच प्रश्न घ्या आणि तो आकड्यांतून धसास लावा. वनमालाला प्रश्न शोधावा लागला नाही. पहिल्या वर्षाला आलेल्या मुली दुसऱ्या वर्षाला का दिसत नाहीत? तिनं मागची सगळी हजेरी पाठवून दिली.

प्रियदर्शनी मॅडमनी ती पाहिली आणि त्यांना हसू आवरेना. "वनमालाताई, तुमच्या कॉलेजात कुणाला साधी सर्दीसुद्धा होत नाही का?"

सगळे चौकोन हसले. वनमालाही हसली, पण पोरी उसाला जातात हे तिनं सांगून टाकलं. मग मॅडम गंभीर होऊन म्हणाल्या, "तुमच्या कागदावर या मुली गावातच आहेत. मग त्यांच्यासाठी कुणी वसतिगृह का द्यावं?"

हे मात्र वनमालाच्या जिव्हारी लागलं. खरंच होतं ते. वर्षानुवर्षं पोरी उसात जात होत्या आणि कॉलेज त्यांना हजर दाखवून आपली समजूत घालत होतं. आपण ज्या रितीवर शिकलो, तीच रीत या पोरींना झाकून टाकते आहे, असं तिला पहिल्यांदा वाटलं. हे वाटणं चूक नव्हतं, आणि तेच वाईट झालं.

दिवाळीआधीच्या बैठकीत तिनं मांडलं: औंदा एक वर्ष खरी हजेरी लिहू. खरे आकडे हाती आले की हंगामापुरतं मुलींचं वसतिगृह मागू.

आदिनाथ सर सरळ माणूस. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं पटतंय. पण हजेरी कमी भरली की पोरं परीक्षेला अडतील, त्याचं काय?"

"विद्यापीठाकडनं सवलत आणते, सर. आजारपणाला देतात, मग पोटासाठी गाव सोडलं तर का देणार नाहीत?"

"आणता का?"

"आणते."

किती सहज म्हणून गेली ती. विळीवर भाजी चिरावी इतकं सहज.

पहिल्या वर्षाला बबिता नावाची मुलगी होती. पहिल्या बाकावर बसायची आणि तास संपला तरी प्रश्न संपू द्यायची नाही. "मॅडम, कुटुंब म्हंजे समाजाचा पाया म्हंता, मंग ज्याचं कुटुंबच सा महिने गावात नसतं त्याचा पाया कुठं ऱ्हातो?" असलं काहीतरी विचारून वनमालाला घाम फोडायची. तिला अठरा पुरी झाली होती. बापानं, बिभीषणनं, एक स्थळ बघून ठेवलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाला एकटी पोर चालत नाही, जोडी लागते. म्हणून लग्न झालं की मुलगी थेट फडातच जायची, मग ती बुकात कितीही हुशार असो. बबितानं आईला मधे घालून बापाकडून शब्द मिळवला होता: औंदा पास झाली तर लग्न पुढं ढकलायचं, नाहीतर पुढल्या हंगामाला कोयता.

गाव सोडायच्या दिवशी ती कॉलेजच्या फाटकाशी आली. लांब रस्त्यावर ट्रॅक्टर उभा होता.

"मॅडम, पास व्हायचं माझं मी बघते. हजेरीचं तेवढं तुमी बघा."

"निर्धास्त जा. पुस्तकं घेतलीस का?"

"पिठाच्या डब्यात घातलीत. तितं भिजत न्हाईत," असं म्हणून ती पळाली.

हंगाम सुरू झाला. वर्गातली बाकं नेहमीसारखीच ओस पडली, फक्त या वेळी कागदावरही ओस पडली. वनमालाचा प्रकल्प एकदम उठून दिसायला लागला. दिवाळीनंतर मुलींची रेघ कशी खाली कोसळते, हे तिनं आलेखात दाखवलं तेव्हा चौकोनांतले सगळे पुढं वाकून बघायला लागले. सवलतीचा प्रस्ताव तिनं विद्यापीठात केव्हाच दिला होता. अधूनमधून फोन करायची. "वर गेलंय, होईल," असं उत्तर मिळायचं, आणि ती पुन्हा आकड्यांत बुडून जायची. होईल म्हणालेत म्हणजे होईल, अशी तिची भाबडी खात्री.

विद्यापीठाचं उत्तर आलं ते परीक्षा तोंडावर आल्यावर. अभ्यास फार मोलाचा आहे, वसतिगृहाची मागणी पुढल्या वर्षासाठी विचारात घेतली आहे. चालू वर्षाच्या हजेरीला मात्र नियमाबाहेर सूट देता येत नाही.

वनमाला मिळेल त्या एसटीनं विद्यापीठात गेली. तिथल्या अधिकाऱ्यानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. तो म्हणाला, "मॅडम, हजेरी तुम्हीच पाठवली ना? ती चुकीची असेल तर तसं लिहून द्या, चौकशी लावतो."

खरी हजेरी खोटी आहे असं लिहून द्यायला ती त्या क्षणी तयार होती. तिनं आदिनाथ सरांना फोन लावला. सरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चौकशी आली तर मागचं सगळं उघडं पडेल. आजवर शिकून गेलेल्या सगळ्या पोरांच्या पदव्यांवर बोट ठेवतील. तुमच्यासुद्धा. परत या, मॅडम." ती परत आली.

मुलगे अडले, त्यांचं वर्ष गेलं. ते पुढच्या साली बसतील. बबिताचं तेवढ्यावर भागणार नव्हतं.

ती पाडव्याच्या आधीच आली, उन्हानं रापून. तिच्या हातांवर पाचटाचे ओरखडे होते. सोबत आई बायडाबाई. वनमालानं फाटकातच सगळं सांगितलं, कारण आत नेऊन बसवायचं धैर्य तिच्यात नव्हतं. बबितानं मान खाली घातली. मग वर बघून उलट मॅडमचीच समजूत काढायला लागली. "असू द्या, मॅडम. पुढल्या वर्सी बसते की." पुढलं वर्ष कुणाच्या घरात उजाडणार, हे दोघींनाही ठाऊक होतं.

बायडाबाई आवाज न चढवता बोलली. "बाई, तुमी बी उसातनंच शिकलात. माझ्या आईच्या कोपीशेजारी तुमची कोपी असायची. तवा कुनी खरं लिव्हलं न्हाई. मंग माझ्याच लेकीच्या येळी तुमाला खरं कावून सुचलं?"

वनमालाकडं उत्तर होतं. वसतिगृहाचं, आलेखाचं, पुढच्या सगळ्या पोरींचं. यातलं एक अक्षरही त्या माऊलीपुढं उच्चारायची तिला लाज वाटली.

वैशाखात लग्न झालं. वनमाला गेली, अक्षता टाकल्या, जेवली नाही. बबिता हिरव्या चुड्यात इतकी लहान दिसत होती की वनमालाला तिच्याकडं बघवेना. बिभीषणनं मात्र मॅडमला मान देऊन खुर्ची आणून दिली. त्याच्या लेखी त्यानं आपला शब्द पाळला होता, आणि ते खोटंही नव्हतं.

त्याच महिन्यात अभ्यासक्रमाचं शेवटचं सादरीकरण झालं. प्रियदर्शनी मॅडम म्हणाल्या, "सगळ्या वर्गात वनमालाताईंचा प्रकल्प सर्वांत प्रामाणिक आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. 'शिक्षण सोडलेल्या' म्हणून जो रकाना होता, त्यातल्या मुलींत बबिता मोजलेली होती. वनमालानं कॅमेरा बंद केला आणि टाकीला टेकून पोटभर रडली. सुभद्राबाई वर आल्या. त्यांनी पदरानं तिचं तोंड पुसलं आणि तिला खाली नेलं.

वसतिगृह मंजूर झालं. दिवाळीनंतर सुरूही झालं, आणि पोरी राहायला आल्या. बाकं भरलेली दिसू लागली. आदिनाथ सरांनी तिचा सत्कार ठेवला होता, तो तिनं होऊ दिला नाही. जूनमध्येच तिनं बबिताचं नाव पुन्हा पहिल्या वर्षाला घातलं होतं. कुणाला विचारलं नाही. बबिताच्या सासरी निरोप तेवढा पाठवला. उलट काही आलं नाही. बबिता नवऱ्याबरोबर कोयता धरून कुठल्याशा कारखान्यावर गेल्याचं कळलं.

हंगामातला पहिला तास वनमालाचाच होता. ती हजेरी घेत होती. हजेरी आता मोबाइलवर घ्यायची: नाव पुकारायचं आणि पडद्यावर बोट ठेवायचं. बबिताचं नाव आलं. तिनं ते पुकारलं. तिनं पुन्हा पुकारलं.

मागून एक पोरगी म्हणाली, "मॅडम, ती उसाला गेलीया."

"माहीत हाय मला," वनमाला म्हणाली, आणि तिनं 'हजर'वर बोट ठेवलं.

त्या हंगामात वसतिगृहातल्या पोरींच्या खाड्यांची रीतसर नोंद झाली. कुणाला ताप आला, कुणी जत्रेला गेली. बबिता मात्र एक तासही चुकली नाही. तिचा परीक्षेचा अर्ज वनमालानं भरला. या वेळी हॉल तिकीट बिनबोभाट निघालं. पहिल्या पेपरच्या दिवशी ते पर्समध्ये घेऊन वनमाला फाटकात जाऊन उभी राहिली. घंटा झाली, पोरी आत गेल्या, शिपायानं फाटक लोटलं. येणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरकडं बघत ती उन्हात थांबली, पेपर सुटून पोरी बाहेर येईपर्यंत.