जळलेल्या गावाचे पहारेकरी

"मावशी, यात बिघडलंय काय? जिंकलात ना तुम्ही?" प्रोग्रॅमर पोरीने विचारलं.

"जिंकले गं. पण ती दोन माणसं बघ."

पोरगी पडद्याकडे वाकली. खेळात समुद्रापलीकडून तोफा घेऊन आलेली फौज मावशींच्या हातात होती आणि डोंगरातले लोक कॉम्प्युटरच्या. मावशींनी त्यांचं गाव जाळलं होतं. उरलेले लोक शहाण्यासारखे डोंगरावर पळाले होते. पण दर खेपेला त्यांतले दोघं खाली उतरत, जळक्या गावाशी येऊन उभे राहत आणि तोफेच्या तोंडी जात. पुढच्या खेपेला आणखी दोघं.

ऑफिसात सगळे त्यांना मावशीच म्हणत, साहेबसुद्धा. आधी वीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. छापखान्याला टाळं लागलं तेव्हा इथे खेळ तपासायला आल्या, त्यालाही नऊ वर्षं झाली. "आमची आई या वयात दिवसभर खेळते," असं मुलगा चारचौघांत सांगायचा. सांगेना का. चूक दिसली की ती निघेपर्यंत मावशींना घास गोड लागत नसे, मग ती वेलांटीची असो की तोफेची.

"हां, हे होय," पोरगी म्हणाली. "गाव जळलं की त्याची किंमत शून्य करायची, ते राहिलंच माझ्याकडून. त्यांना अजून ते घरच वाटतंय, म्हणून राखायला येतात. एका ओळीचं काम आहे."

मावशींना वडील आठवले. रस्त्यासाठी त्यांची वस्ती उठवली, तेव्हा ते लेकीकडे राहायला आले. रोज सकाळी बस पकडायचे आणि घर होतं तिथे, रस्त्याच्या कडेला, दुपारपर्यंत उभे राहायचे. शेजारीपाजारी हसायचे, घरातलेही हसायचे. "तिथं काय पुरून ठेवलंय तुम्ही?" म्हणून एक दिवस मावशींनी त्यांच्या चपला माळ्यावर टाकल्या. गाड्यांची भीती वाटायची, हे खरं. पण लाजही वाटायची, हेही तितकंच खरं. वडिलांनी तीन दिवस चपला शोधल्या, मग विचारायचे थांबले. पुढे दोन वर्षं जगले, खुर्चीत बसून.

"असू दे की तसंच," मावशी म्हणाल्या.

"तुम्ही म्हणताय हे? अहो, कॉम्प्युटर फुकट हरतोय. लोक हसतील."

"हसतातच."

पोरीला काही उमगलं नाही. तिने साहेबांना विचारलं. "उरलंय काय तिथे राखायला? काढून टाक," साहेब म्हणाले. खेळापुरतं त्यांचंही चुकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त केलेला खेळ मावशींपुढे आला. त्यांनी गाव जाळलं. लोक डोंगरावर गेले. मावशी थांबल्या. तीन खेपा झाल्या, पाच झाल्या, दहा झाल्या. कोणी खाली आलं नाही, कोणी मागे वळूनही बघितलं नाही. चपला आपण पुन्हा माळ्यावर टाकल्या, असंच मावशींना वाटलं.

आता फक्त त्या चुकीची नोंद बंद करायची होती. चौकटी दोन, 'दुरुस्त' आणि 'नाही'. 'दुरुस्त'वर खूण झाल्याशिवाय कुठलीच दुरुस्ती बाजारात जाणाऱ्या खेळात घेत नसत. 'नाही'वर खूण केली असती तर पोरगी चार दिवस डोकं खाजवत बसली असती, तोवर खेळ बाजारात गेला असता आणि ते दोघं खेळात राहिले असते. मावशींचं बोट तिथपर्यंत गेलंही. पण खोटी खूण त्यांनी जन्मात केली नव्हती, आणि वडिलांसाठी पहिलं खोटं बोलावं, हेही त्यांना पटेना.

त्यांनी 'दुरुस्त'वर खूण केली. खाली शेऱ्याची जागा होती, तिथे लिहिलं, "दुरुस्ती झाली. आधीचं बरोबर होतं."

शेऱ्याखाली सही लागत नसे. तरी मावशींनी पूर्ण नाव लिहिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरचं, मधे वडिलांचं नाव असलेलं.