गळकं छप्पर

प्रोखोरला पकडून नेलं त्याच आठवड्यात आमच्या पावाच्या कारखान्यात सभा भरली. साल एकोणीसशे सदतीस; रोज कुणाला तरी 'जनतेचा शत्रू' म्हणून धरत होते. प्रोखोर वोरोनेझच्या धान्यकोठाराचा इंजिनियर. त्याची बायको ग्लाफिरा आमच्याबरोबर पीठ मळायची. तिला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं होतं.

मंचावर पक्षाची सेक्रेटरी कपितोलिना उभी होती. दोघी लहानपणच्या मैत्रिणी. ग्लाफिराच्या लग्नात सगळ्यात जास्त नाचली होती ती हीच.

"कोठारातला गहू कुजला," कपितोलिना म्हणाली. "शहराला पाव कमी पडला. कुणामुळे? जनतेच्या शत्रूमुळे!"

ग्लाफिरा उठली. "छप्पर गळत होतं, कपा. वसंतापासून तो वरच्यांना सांगत होता, पत्रे द्या, पत्रे द्या."

कपितोलिना सभेकडे वळली.

"ऐकलंत? छप्पर गळतंय हे त्याला वसंतापासून ठाऊक होतं! तरी गहू तिथेच ठेवला."

"दुसरीकडे जागा कुठे होती?"

"साधा शत्रू तक्रारी करत नाही, कॉम्रेड्स. मुरलेला करतो. उद्या बोट दाखवायला जागा राहावी म्हणून."

"म्हणजे सांगितलं तरी मेला, नाही सांगितलं तरी मेला," म्हातारी अन्फीसा पुटपुटली. शेजारणीने तिला कोपर मारलं.

शत्रूंना गोळ्या घालाव्यात, असा ठराव आला. हात वर झाले. ग्लाफिराचे हात मांडीवर तसेच पडून राहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. कपितोलिनाने ते पाहिले.

"एकमताने मंजूर," ती म्हणाली.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत ती ग्लाफिराजवळ आली. मी तिथेच होते.

"अगं, घटस्फोटाचा अर्ज टाक. राहती खोली तरी वाचेल."

"त्याने गहू कुजवला असं तुला खरंच वाटतं?"

कपितोलिना बाकावर टेकली. "एकटा प्रोखोर निर्दोष असेलही. पण तो निर्दोष, तर मग बाकीचे? त्यांनाही उगाच धरलं? मग आपण एवढं सोसलं ते कशासाठी? नाही गं. तो दोषी असलेलाच बरा."

"कुणासाठी?"

ग्लाफिराच्या डोक्याचा रुमाल सुटला होता, तो कपितोलिनाने नीट बांधून दिला आणि ती गेली.

ग्लाफिराने अर्ज टाकला नाही. खोली गेली. अन्फीसाने तिला आपल्या चुलीमागे जागा दिली.

बर्फ पडू लागल्यावर ग्लाफिरा प्रोखोरसाठी लोकरीचे मोजे घेऊन तुरुंगाच्या खिडकीशी रांगेत उभी राहिली. आतला माणूस म्हणाला, "दहा वर्षं. पत्र नाही, पार्सल नाही. पुढची!" असं सांगितलं की माणसाला आधीच गोळी घातलेली असते, हे रांगेतल्या बायकांना ठाऊक होतं. तिला कुणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

दुपारच्या पाळीला ती वेळेवर आली. मोजे तिने अन्फीसाच्या हातात ठेवले.

"घाला काकू. तुमचे पाय गार पडतात."

मग बाह्या सारून ती पिठाकडे वळली.