द्वारकाकडून छत्तीस हजार

प्रगतीच्या इंजिनीअरिंगात आपला फायदा किती, हे नागनाथनं पोरगी कॉलेजची पायरी चढण्याआधीच काढून ठेवलं होतं. वर्षाची फी साठ हजार, चार वर्षांचे दोन लाख चाळीस, आणि ते सगळे सरकार भरणार. आपल्या खिशातून जायचं ते झेरॉक्सचं आणि बसभाड्याचं. शेवटी हैदराबादची नोकरी. असा सौदा तेलंगणातल्या इचोड्याच्या कापूस बाजारात कुणाला सापडला नव्हता, आणि नागनाथला बाजार ठाऊक होता. एका अडत्याच्या गादीवर तो बावीस वर्षं मराठीत वही लिहीत होता.

फी वाचली म्हणून त्यानं हायवेच्या बाजूला हप्त्यानं एक प्लॉट घेतला. चार लाख वीस हजार. त्यात बायकोचा, द्वारकाबाईचा, हातभार मोठा. अंगणवाडीतली मदतनीस ती. पण तीन वर्षं ओळीनं तिनं पदराच्या गाठीतून छत्तीस-छत्तीस हजार काढून त्याच्या हातावर ठेवले. नागनाथ इतका खूश झाला की हप्ते फिटल्यावर प्लॉटची रजिस्ट्री त्यानं तिच्याच नावावर केली आणि ही गोष्ट चहाच्या टपरीवर निदान चाळीस वेळा सांगितली.

ऐकायला असत शेजारचे नरसिंगराव, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "नागनाथ, सरकारनं फी भरू नये. फुकट मिळालं की माणूस बिघडतो."

"साहेब, तुमच्या पोरानं, निहारनं सरकारी कॉलेजात शिकून डॉक्टरकी केली. वर्षाला किती भरले होते जी?"

"ते वेगळं. ती जागा त्यानं मार्कांवर मिळवली होती."

"आन् आमच्या पोरीनं का लॉटरीत मिळवली?"

टपरीवाला हसायचा. चहाचे पैसे मात्र नागनाथच द्यायचा, आणि वहीत लिहायचा.

गुरुवारी मात्र हसू संपलं. सोमवारी प्रगतीला हैदराबादला रुजू व्हायचं होतं, सोबत मूळ प्रमाणपत्रं न्यायची होती, आणि कॉलेजनं ती दिली नाहीत. एक लाख आठ हजार बाकी आहे म्हणे. नागनाथ तयारीनं निघाला. काखेत चार वर्षांची फाइल, त्यात सरकारी आदेशाची प्रत, अर्ज, दाखले, शिक्का दिसला तो प्रत्येक कागद भोक पाडून ओवलेला. बसमध्ये तो पोरीला म्हणाला, "तू बोलू नोको. सरकारचे पैसे आले नाहीत म्हनून पोरायले अडवून राह्यले हे. आज दाखवतोच."

कॉलेजच्या ऑफिसातला कारकून महिपत वांकिडीकडचा, मराठी बोलणारा. "जय भीम, भाऊ," म्हणून त्यानं खुर्ची दिली आणि नागनाथचं पंधरा मिनिटांचं भाषण मुकाट ऐकून घेतलं. मग फाइल आपल्याकडे ओढली, पानं उलटली, एका कागदावर थांबला. पुढे आणखी एक. आणखी एक.

"भाऊ, हे तीन कागद काय हायेत?"

"तेलुगुत हाय ते. पावत्या असतीन."

"वाचून नाही घेतल्या कुणाकडून?"

"शिक्का होता ना त्यावर! लावून ठेवल्या."

महिपतनं चष्मा काढला. "या आमच्या नोटिसा हायेत. दरसालच्या. फीचा मोठा हिस्सा आता सरकार पोरीच्याच खात्यात टाकते, तो तुमी कॉलेजात भरायचा. साठातले छत्तीस; बाकीचे थेट आमाले येतात. पहिल्या तीन वर्षांचे आले तुमच्या घरी, चौथ्याचे यायचे हायेत. इथं एक रुपया नाही आला."

नागनाथ प्रगतीकडे वळला. "बाबा, त्या खात्याचं कार्ड अन् फोन नंबर आईपाशी हाय. मले वाटलं फी परस्परच जाते."

छत्तीस. हा आकडा नागनाथला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच्याच अक्षरात, त्याच्याच वहीत, तीन ठिकाणी तो होता. त्याच्या कानात एकदम गादीवरचा पंखा फिरायला लागला. समोर महिपतचे ओठ हलत होते. "पाणी घ्या" असं तो म्हणत असावा. नागनाथनं ग्लास उचलला आणि न पिता फाइलवरच ठेवला. ओलं वर्तुळ सरकारी आदेशावर उमटलं, तरी त्यानं ग्लास हलवला नाही.

घरी आल्यावर त्यानं उभ्यानंच विचारलं, "ते पैसे कुठून आणले होते?"

द्वारकाबाई भाकरी थापत होती. "पोरीच्या स्कॉलरशिपचे. अंगणवाडीच्या सुवर्णाबाईनं मेसेज वाचून सांगितलं. तिच्यासंगंच जाऊन काढले."

"मले काऊन नाही सांगितलं?"

"पोरीचे म्हनलं असतं तर तुमी हात लावला असता का? आन् तुमाले तर हप्त्याची झोप नव्हती." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "मी भाजीचे दहा रुपये जास्त दिले तर तुमी दोनदा इचारता. छत्तीस हजार आणले, तवा एकदा तरी इचारलं का, कुठचे म्हनून?"

नागनाथ खाली बसला. बाहेर जाणाऱ्या पैशाला त्यानं कधी सोडलं नव्हतं. आत येणाऱ्याला मात्र नाव-गाव न विचारता पाट मांडला होता. "फीचे होते वं ते," तो एवढंच म्हणाला. तिचा हात तव्यावरच राहिला. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा प्रगतीनं आईचा हात धरून बाजूला घेतला.

गादीवरून उसने मागता आले असते, पण सेठ व्याज कसं लावतो हे बावीस वर्षं त्यानंच लिहिलं होतं. तो नरसिंगरावांकडे गेला.

नरसिंगरावांनी सगळं ऐकलं. "उसने मी देत नाही नागनाथ, माझं तत्त्व तुम्हाला माहीत आहे. प्लॉट विकत घेतो. तीन साठ."

"चार वीसचा हाय जी. आज पाचाले कोनी नाही सोडत."

"पाचवाल्याकडे जा की. सोमवारपर्यंत येतो का पाहा."

शुक्रवारी रजिस्ट्री झाली. जन्मात पहिल्यांदा नावावर आलेली जमीन द्वारकाबाईनं अंगठा-सही करून दिली, आणि शाई पुसायला पदर धरला तेव्हा एरवी "डाग पडंन" म्हणणाऱ्या नागनाथनंच तिचा अंगठा त्यात पुसला. शनिवारी कॉलेजात पैसे भरले. चौथ्या वर्षाचे आले की भरतो, असं लिहून दिलं. रविवारी प्रगती प्रमाणपत्रं छातीशी धरून हैदराबादच्या बसमध्ये चढली.

बस गेल्यावर नागनाथनं वही उघडली. सरकारनं तीन वर्षांत खात्यात टाकले, एक लाख आठ. कॉलेजला पोचले, एक लाख आठ. नरसिंगरावांना सुटले, साठ हजार. फुकट मिळालं की माणूस बिघडतो म्हणणारे. त्यानं मागची पानं उलटली. 'द्वारकाकडून ३६,०००', तीनदा. खोडायला पेन टेकवलं आणि थांबला. तीन वर्षं खोटी असलेली नोंद शुक्रवारी खरी झाली होती. प्लॉट तिचा होता; फी तिनंच भरली होती.

ती तशीच ठेवून त्यानं खाली एक ओळ वाढवली: 'आणखी ६०,०००, द्वारकाकडूनच.'