नऊ मण्यांची ओळ

मी एक जुनी मण्यांची चौकट आहे. जुनी आहे, बिचारी नाही. मित्रांनो, हे आधीच सांगते, कारण जुन्या वस्तूने तोंड उघडलं की ऐकणारे डोळे पुसायच्या तयारीत बसतात. तुम्ही रुमाल खिशातच ठेवा.

कठीण लाकडाची चौकट, तिच्यात दहा आडव्या तारा आणि तारांवर ओवलेले रंगीत मणी, असं माझं रूप. माझे मणी एका कातारी आजोबांनी लाकडातून कातून काढले. प्रत्येक मणी ते स्वतःच्या गालावर फिरवून बघत. जरा जरी खुपला, तरी तो पुन्हा यंत्रावर चढे. "पोरांची बोटं आहेत, सालपट निघता कामा नये," असं ते स्वतःशीच पुटपुटत. म्हणूनच आजही माझ्यावर बोट फिरवलं तर कुठे अडत नाही.

तिथून मी एका शाळेत पहिलीच्या वर्गात गेले. किती मुलांनी आयुष्यातली पहिली बेरीज माझ्यावर केली, त्याची गणती नाही. काहींनी मला ढाल केलं, एकीने तर दुधाचे दात पडले तेव्हा माझा लाल मणी चावून पाहिला. पाहुणे आले की बाई मला टेबलावर मधोमध ठेवत. मग वर्गात भिंतीवर मोठा पडदा आला. बोट लावलं की आकडे नाचायचे, गायचे. मला अडगळीच्या खोलीत टाकलं. तिथे मोडक्या बाकाचा पाय माझ्यावर पडला आणि चौथ्या तारेवरचा एक मणी फुटला. तेव्हापासून त्या तारेवर नऊच मणी आहेत.

एके दिवशी शाळेने अडगळ काढून फाटकाबाहेर ढीग रचला. नेमकी त्याच दिवशी एक बाई आपल्या मुलीचं नाव काढून घ्यायला आली होती. बाई शिवणकाम करणारी. गंमत बघा, त्या शाळेचे निम्मे गणवेश तिनेच शिवलेले, आणि आपल्याच मुलीला ती शाळेतून काढून नेत होती.

मुलीला सगळे भिंगरी म्हणत. नाव सार्थ होतं. जेवताना उभी, बोलताना एका पायावर, झोपेतसुद्धा चादरीबाहेर. पहिलीत गेल्यावर तिला हाताची घडी घालून कोपऱ्यात बसवायला लागले. आधी ती रडली. मग रोज सकाळी पोट दुखायला लागलं. मग ती बोलेनाशीच झाली. आईला रडण्याची भीती वाटली नव्हती, या गप्प बसण्याची वाटली.

आई रखवालदाराशी बोलत होती, तेवढ्यात भिंगरीने ढिगात हात घातला आणि माझ्या तारांवरून बोटं फिरवली. खडर्रर्र! ती हसली. आईने मान वळवून बघितलं.

"हे नेलं तर चालेल का हो?"

"न्या की," रखवालदार म्हणाला. "नाहीतरी भंगारवाला यायचाच आहे."

भंगार! मी तेव्हाच ठरवलं, या माणसाला खोटं पाडायचं.

घरी आले तर माझ्यापुढे मोठी फौज उभी. पहिल्याच सुट्टीच्या दिवशी सगळे जमले. काकाने एक भलामोठा चकचकीत खोका आणला होता, त्यावर लिहिलेलं 'पहिलीचा संपूर्ण संच'. आत रिकाम्या जागा भरायच्या वह्या, चित्रांचे पत्ते आणि एक बोलकं यंत्र. आत्या स्वतः शिक्षिका. तिने क्रमिक पुस्तकं आणली होती आणि कपाळावर आठ्यासुद्धा.

"घरी शिकवणं म्हणजे काय भातुकली आहे का?" आत्या म्हणाली. "अगं, आमचा जन्म गेला यात."

"म्हणूनच तर तुम्हाला बोलावलं, ताई," आई म्हणाली. "पण निवडणार मी. आणि भिंगरी."

भिंगरीचे बाबा बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त करत. ते एवढंच म्हणाले, "गाडी घ्यायच्या आधी चालवून तर बघाल ना?"

आईने तसंच केलं. शिवणयंत्र भिंतीला सरकवून तिने सगळ्या वस्तू जमिनीवर मांडल्या आणि स्वतः बाजूला बसली. कुणी मध्ये बोलायचं नाही, अशी सक्त ताकीद. भिंगरीने वही उघडली, मिटली. बोलक्या यंत्राने तिला विचारलं, चार कुठे आहे? तिने चारचं बटण दाबलं. यंत्र म्हणालं, "शाब्बास!" मग तिने मुद्दाम सातचं दाबलं. "शाब्बास!" नऊचं दाबलं, तरी "शाब्बास!"

"हे खोटं बोलतं," भिंगरी म्हणाली आणि तिने ते पालथं घातलं. काका खोक्यावरची हमी पुन्हा वाचायला लागला.

मग ती माझ्याकडे आली. एकेक ओळ सरकवत, मोठ्याने मोजत, स्वतः गोल फिरत. चौथ्या ओळीला थांबली. पुन्हा मोजलं. "इथे एक पळून गेलाय!"

"बघ," आत्या म्हणाली. "मोडकी आहे ती. यावर शिकली तर उद्या म्हणेल, चार दाहे एकोणचाळीस."

"म्हणू दे," आई म्हणाली. "मोजून म्हणाली तर बरोबरच आहे."

मित्रांनो, मला टाळ्या वाजवता येत नाहीत. नाहीतर त्या क्षणी सगळा मजला दणाणला असता.

बाबांनी डेपोतून एक लहान रबरी कडी आणून त्या तारेवर बसवायला घेतली, तर भिंगरीने ती काढून टाकली. "त्याची जागा त्यालाच," ती म्हणाली. आणि खरंच, त्या ओळीने तिला जे शिकवलं ते भरलेल्या ओळींनी शिकवलं नाही. इतर तारा बघून मुलं ठोकून देतात, दहा! माझ्या चौथ्या तारेवर ठोकून देता येत नाही. दर वेळी बघावं लागतं.

आईने खोका काकाला परत दिला. ठेवली ती पुस्तकं, बटणांचा डबा, मोजायची टेप आणि मी. भिंगरी उभी राहून बेरजा करी, उड्या मारत वजाबाक्या करी. हळूहळू तिचं तोंड उघडलं, आणि मग मिटेना. घरात आनंदीआनंद झाला. पण मी खोटं सांगणार नाही. वाचनाचं घोडं अडलं होतं आणि ते आधी दिसलं आत्याला.

भिंगरी धडा घडाघडा म्हणत होती. आत्याने पुस्तक हळूच उलटं केलं. भिंगरी म्हणतच राहिली.

"पाठ केलंय हिने," आत्या म्हणाली. "अक्षर ओळखत नाही ही. तुझ्या मण्यांनी वाचता येणार आहे का?"

आईचा चेहरा उतरला. तिने शिवणयंत्रावरचं कापड उगाचच सरळ केलं. मलाही लागलं, पण आत्याचं खरं होतं. माझ्या तारांवर क नाही, ख नाही. मग आई म्हणाली, "नाही येणार. तुम्हाला येतं ना, ताई? मग नुसतं बोलू नका, शिकवा."

आत्या रागाने चपला घालून निघून गेली. पुढच्या सुट्टीला परत आली ती खडूंचा डबा घेऊन. तिने गच्चीवर अक्षरं काढली, एकेक ताटाएवढं. "या अक्षरावरून त्या अक्षरावर उडी मार," ती म्हणाली, "काय शब्द होतो सांग." त्या दिवशी भिंगरीने 'सरक' या शब्दावरून उडी मारली आणि खरोखरच सरकून पडली. गुडघा फुटला, शब्द मात्र पक्का झाला. आत्या आणि आई, दोघी पोट धरून हसल्या.

वर्षाच्या शेवटी घरी शिकणाऱ्या मुलांची चाचणी असायची. त्यात जमलं नाही, तर पुन्हा शाळेतला तो कोपरा. भिंगरी मला काखेत मारून खोलीत शिरली. चाचणी घेणाऱ्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चौकट बाहेर ठेव. मदतीची वस्तू चालत नाही."

"मग बोटं पण बाहेर ठेवू का?" भिंगरीने अगदी मनापासून विचारलं.

बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. मग मला हातात घेऊन नीट पाहिलं आणि फळा जरा सरकवून मला त्याच्या मागे ठेवलं. "ही इथे राहील. आता न बघता सांग, तुझ्या चौकटीवर मणी किती?"

"नव्व्याण्णव."

"कसे?"

"शंभर पाहिजे होते. एक गेला."

"मग तुझी चौकट चुकीची आहे. तुला चांगली देऊ का?"

भिंगरी आतापर्यंत एका पायावर डोलत होती. ती दोन्ही पायांवर उभी राहिली. "चुकीची नाहीये," ती म्हणाली. "एक कमी आहे."

बाईंनी मला फळ्यामागून काढलं आणि तिच्या हातात दिलं. वाचनाच्या वेळी त्यांनीच सांगितलं, "चालत चालत वाच हवं तर." भिंगरी अडखळली, थांबली, मग तिने पुन्हा वाचलं. निकाल असा लागला: गणित उत्तम, वाचनाला सराव हवा, घरी शिकायला हरकत नाही. दाराबाहेर आत्याच आधी रडली, आणि वर म्हणाली, "सराव मी घेते, बघतेच."

आता भिंगरी मोठी झाली आहे. हिशेब तोंडी करते, वाचायला बसली की हलत नाही. मध्यंतरी काका म्हणाला, "चौकटीला पॉलिश करून काचेच्या कपाटात ठेवा. आठवण म्हणून." काचेत? मी काय मेले आहे? तारा थरथरल्या माझ्या, पण ऐकणार कोण?

भिंगरीने ऐकलं, असंच म्हणेन मी. तळमजल्यावर इस्त्रीवाल्या आजोबांची नात आहे. तिच्या पायाचं मोठं ऑपरेशन झालं, म्हणून यंदा तिची पहिली पलंगावरच होणार आहे. भिंगरीने मला थोडा वेळ पोटाशी धरलं. मग खाली जाऊन तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ही कुणाचं ऐकत नाही. तूच मोज."

मित्रांनो, वस्तू जपायची म्हणजे कुलपात ठेवायची नाही. तुमच्यासाठी कुणी काही निवडत असेल, तर आधी हातात मागून घ्या. वापरा, आपटा, विचारा. तुमचं काम झालं की कपाटाला नको, दुसऱ्या मुलाला द्या. आम्हाला झिजायची भीती नाही. भीती असते ती झाकून ठेवण्याची.

आत्ता ही नात मला पलंगाच्या लोखंडी कठड्यावर घासते आहे. इस्त्री हातात धरून आजोबा ओरडताहेत, "अगं, आवाज किती तो!"

आवाज होणारच, आजोबा. इथे शाळा भरली आहे.