अप्पांचा पाय

धाकट्याने नवी डिस्क जमिनीवर ठेवली, तिच्यावर गाडीची काढलेली जुनी डिस्क ठेवली आणि दोन्हींच्या भोकांतून बोल्ट सोडले. बोल्ट सरळ खाली गेले. कडेला कडही बरोबर लागली. ब्रेकची डिस्क तपासायची त्याच्या गॅरेजातली पद्धत एवढीच: जुनीवर नवी जुळली की माल बरोबर, चढवा चाक. पण आज तो उठला नाही. गाडी अप्पांची होती आणि उद्यापासून ताई ती घेऊन नव्या नोकरीवर रोज हायवेने जाणार होती. त्याने बॅटरी मारून पुन्हा पाहिलं. जुनीच्या मधल्या मोठ्या भोकातून खालच्या नवीची कड डोकावत होती. अगदी किंचित, पण होती.

त्याने दुकानदाराला फोन लावला.

"चुकीचा माल दिलात तुम्ही. मधलं भोक लहान आहे."

"कशापेक्षा लहान?"

"जुनीपेक्षा."

"अरे, जुनीला बसवायची आहे की गाडीला? हबवर चढवून बघ. नाही बसली तर माझ्या डोक्यात घाल."

धाकटा चडफडला. हबवरचा, चाकामागच्या त्या गोल उंचवट्यावरचा, गंज घासून त्याने नवी डिस्क वर सरकवली. ती बेताची घट्ट बसली. दोन्ही हातांनी धरून हलवली, ढिम्म हलली नाही. मग सहज, दुकानदाराला काहीतरी ऐकवता यावं म्हणून, त्याने ती काढून जुनी चढवली. जुनी खडखडली.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. ही जुनी डिस्क गाडीबरोबर कारखान्यातून आलेली नव्हतीच. ती त्यानेच बसवली होती, घरची गाडी म्हणून गिऱ्हाइकांची कामं उरकल्यावर, घाईघाईत. तेव्हाही बोल्ट सरळ गेले होते.

आणि त्यानंतरच अप्पा म्हणायला लागले होते, "अरे, जोरात असताना ब्रेक दाबला की गाडी थरथरते."

अप्पांनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. पुढच्या बाकावर पेंगणारी पोरं शाळेच्या दारात बस उभी राहिली तरी जागी व्हायची नाहीत, इतका त्यांचा ब्रेकवरचा पाय हलका. दुसऱ्या कशाचा नाही, पण त्या पायाचा त्यांना फार अभिमान. त्यांनी चारचारदा सांगितल्यावर धाकट्याने गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारली होती. गल्लीत कसली थरथरतेय गाडी! जेवताना सगळ्यांसमोर त्याने निकाल देऊन टाकला होता, "गाडीला धाड भरलेली नाही, अप्पा. तुमचाच पाय आता जड झालाय."

आई हसली, ताई हसली. अप्पाही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि गाडीवर कापड टाकलं. मग दोन वर्षं बाजार पायी, दवाखाना रिक्षाने. कोणी विचारलं तर सांगायचे, "मेकॅनिकनेच मोडीत काढलंय मला." लोक हसायचे आणि धाकटाही हसायचा.

आता त्याला ते हसणं आठवूनही कानकोंडं झालं. दुसऱ्या बाजूची डिस्कही तशीच निघाली. त्याने दोन्ही नव्या बसवल्या, चाकं आवळली आणि जुन्या उचलून मागच्या भंगारात टाकल्या, वर एक फुटका बंपर. टाकताना इकडेतिकडे पाहिलं. चोरासारखं पाहिलं, हे त्याचं त्यालाच कळलं.

दुपारी ताई गाडी न्यायला आली. बरोबर अप्पाही होते, इस्त्रीचा शर्ट घालून. धाकट्याने किल्ली ताईच्या हातात दिली. बोलायला तोंड उघडलं, ते "टायरमध्ये हवा भरलीय" एवढंच बोलून मिटलं. दोघं हायवेपर्यंत जाऊन आले.

"मस्त थांबते रे," ताई उतरत म्हणाली. "कळतसुद्धा नाही ब्रेक लागलेला."

अप्पा दुसऱ्या बाजूने सावकाश उतरले. बॉनेटवरून हात फिरवला.

"म्हणजे माझाच पाय," ते म्हणाले. "मला उगाच वाटायचं, गाडीतच काहीतरी आहे. तू बरोबर बोलला होतास."

धाकटा मागे गेला, बंपर बाजूला फेकला आणि एक जुनी डिस्क घेऊन आला.

"ही मी बसवली होती, अप्पा. भोक मोठं होतं. जागेवर नीट बसायची नाही, म्हणून थरथरायची. तुमचा पाय नव्हता."

अप्पांनी डिस्क हातात घेतली आणि भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"कधी कळलं तुला?"

"सकाळी."

"मघाशी किल्ली दिलीस, तेव्हा माहीत होतं?"

"हो."

अप्पांनी मान हलवली. डिस्क बाकावर ठेवून त्यांनी ताईपुढे हात केला. तिने किल्ली दिली. ते गाडीत बसले, सीट मागे घेतली, आरसा फिरवून आपल्याला लावला. गाडी हळूहळू फाटकाकडे निघाली आणि वाटेतच मागचे लाल दिवे लागले. विझले. गाडी हातभर सरकली, पुन्हा लागले. दर वेळी गाडी गचका खाऊन थांबत होती. फाटकाशी ती बराच वेळ उभी राहिली. दिवे लागलेलेच होते.

मग अप्पा उतरून चालत परत आले आणि त्यांनी किल्ली ताईच्या हातात ठेवली.

"तूच चालव."

"अप्पा, सवयीने जमेल. उद्या मी येतो, आपण दोघं..." धाकटा म्हणाला.

"आता खरंच जड झालाय," अप्पा म्हणाले. "असू दे. तेव्हा नव्हता, एवढं कळलं."

त्यांनी बाकावरची डिस्क उचलून काखेत मारली.

"ही मी घरी नेतो. तुझ्या आईला दाखवायचीय."