बुचाची पानं कमी करा

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा चार दिसत होता. मघाशी तिथे सव्वीस होते.

"चार म्हणजे?" मी विचारलं.

"एका सेकंदाला चारच चित्रं काढून राह्यलंय, बाई. पंचवीस काढली की आपल्याला वाटतं चालून राह्यलो. चार काढली की असे धक्के बसतात." बेबीनंदाने कपाळावर हात मारून घेतला.

एवढं समजावून सांगायची खरं तर गरज नव्हती. आमच्या लहानपणी जालन्याला तंबूतला सिनेमा यायचा. बाहेर इंजिन धडधडत असे. ते दमलं की पडद्यावरची माणसं चिखलातून चालल्यासारखी चालू लागत, नायिकेचा आवाज पुरुषासारखा घोगरा होई आणि मागची मंडळी शिट्ट्या मारत. तेव्हा आम्हाला त्याची गंमत वाटायची. २००६ सालच्या त्या गुरुवारी मात्र माझ्या टेबलावर तेच चाललं होतं आणि गंमत वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं, कारण पडद्यावर आमच्या कन्याशाळेचं आवार होतं आणि रविवारी अकरा वाजता त्याचा निकाल लागणार होता.

शाळेची जुनी इमारत पाडून नवी बांधायची होती. सचिव साहेबरावांनी काढून घेतलेल्या नकाशात नव्या इमारतीची सरळ भिंत पटांगणातल्या बुचावरून जात होती. म्हणजे झाड तोडायचं. त्या बुचाखाली मी एकोणीस वर्षं चित्रकला शिकवली. ऑक्टोबरात पांढऱ्या फुलांचा सडा पडायचा. लांब देठांच्या त्या फुलांची वेणी दोऱ्याशिवाय गुंफता येते आणि वर्ग चालू असताना मुली मांडीवर नेमकं तेच करत. बेबीनंदा त्यात पहिली. वाटूरची मुलगी, पुढे डिप्लोमा करून नव्या जालन्यातल्या एका इंजिनिअरच्या कार्यालयात लागली. झाड तोडणार असं कळल्यावर ती माझ्याकडे आली आणि झाडाला वळसा घालणारी इमारत तिने कागदावर मांडली. खोल्या तेवढ्याच, बारा, त्यांत एक चित्रकलेची. पण संस्थेचे अध्यक्ष सुरजमल शेठ म्हणाले, "मला कागदातलं कळत नाही. फिरवून दाखव. फाटकातून आत गेल्यावर काय दिसतं, झाडाजवळ काय दिसतं, सगळं." म्हणून तिने आपल्या इंजिनिअर साहेबांचा लॅपटॉप चार दिवसांसाठी मागून आणला होता. दुसऱ्याची महागाची वस्तू, ओरखडा नको म्हणून मी टेबलावर चौपदरी गोधडी घालून दिली.

फाटकातून आत शिरेपर्यंत सगळं छान चालायचं. व्हरांडा यायचा, वर्गांच्या खिडक्या यायच्या आणि झाडाजवळ पोचलं की नऊ, सहा, चार.

बेबीनंदाने बाकीचे सगळे प्रोग्रॅम बंद केले. सावल्या बंद केल्या. पडद्याचा आकार बारीक केला, तेव्हा शाळा काडेपेटीएवढी झाली आणि तरीही अडखळतच राहिली. अँटीव्हायरस काढला, परत घातला. मधे दोन तास वीज गेली. बॅटरीवर तर विचारायलाच नको.

"तू काही चुकीचं दाबलंस का?"

"बाई, तुम्ही जरा आत बसता का?"

मी आत बसले नाही. पण माझ्याच विद्यार्थिनीने मला गप्प केलं हे लागलं.

शुक्रवारी रिक्षा करून आम्ही स्टेशनकडच्या रामकिसनच्या दुकानात गेलो. त्याने लॅपटॉप काचेच्या काउंटरवर ठेवला, दोन मिनिटं इकडेतिकडे फिरवला. अठ्ठावीस.

"हे तर पळून राह्यलंय, मॅडम. काय झालंय याला?"

"घरी अडकतंय."

"मंग घर बदला," तो म्हणाला आणि स्वतःच हसला.

घरी आणला, टेबलावर ठेवला, झाडापर्यंत गेलो. पाच. मला रडू यायचंच बाकी होतं. शनिवारी दुपारी रामकिसन मोटारसायकलवरून स्वतः आला. पुढचा अर्धा तास तो नुसता मान हलवत होता. मग त्याने झाडावर बाण नेऊन ठेवला.

"हे पाहा. इमारतीच्या भिंती म्हणजे चार रेघा. पण या झाडाला पानं किती टाकली तुम्ही? एकेक पान त्याला दर वेळी नव्यानं काढावं लागतं. बराबर झाडापाशीच अडकतंय का न्हाई? पानं काढून टाका."

"पानं काढून कसं चालेल?" मी म्हणाले. "त्याच्यासाठीच तर हे सगळं चाललंय."

"मंग अडकू द्या," रामकिसन म्हणाला. "साहेबराव हसतील तेव्हा मला फोन करू नका."

बेबीनंदाने वेगळी फाईल केली, लॅपटॉप थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा चालू केला आणि पानं काढली. आकडा पंचवीसच्या खाली उतरला नाही. रामकिसन खूश होऊन चहा पिऊन गेला. पटांगणात विजेच्या खांबासारखं काहीतरी उभं होतं. त्याला झाड म्हणा, असं मी शेठना कोणत्या तोंडाने सांगणार होते? बेबीनंदा म्हणाली, "बाई, चाललं तर पाहिजे. न चालणारं झाड कुणाला दाखवू?" मी तिच्यावर ओरडले. ती गेल्यावर वाईट वाटलं, पण तिला फोन मात्र केला नाही.

रविवारी सुरजमल शेठच्या पेढीवर आम्ही चपला बाहेर काढून गेलो. भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गादी, तिच्यावर पांढरी स्वच्छ चादर, कडेला तक्के. मी शाळेत लागले तेव्हा याच गादीवर यांच्या वडिलांनी माझी मुलाखत घेतली होती आणि कमळ काढून दाखवायला सांगितलं होतं. शेठनी स्वतः पुढे होऊन लॅपटॉपसाठी जागा केली, चादर हाताने सारखी केली आणि वर एक छोटी उशीही ठेवली.

"नाजूक वस्तू आहे. मऊ जागा द्या तिला."

साहेबराव तक्क्याला टेकून बसले होते. त्यांचा नकाशा गुंडाळी करून शेजारी ठेवला होता.

बेबीनंदाने सुरुवात केली. फाटक आलं, व्हरांडा आला. शेठ पुढे सरकले. खिडक्या आल्या. मग तो खांब आला आणि कोपऱ्यातला आकडा घसरला. अकरा. सात. चार.

पानं नव्हती तरी चार.

"अटकलं," शेठ म्हणाले.

"यंत्राला दम लागला का, पोरी?" साहेबराव म्हणाले. "आमच्या कागदाला कधी दम लागत न्हाई. उलगडला की झालं."

बेबीनंदाचे कान लाल झाले. दोन-तीन बटणं दाबून पाहिली, मग शेठना नीट दिसावं म्हणून तिने लॅपटॉप उचलायला खाली हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"केवढा तापलाय!"

मी उशीला हात लावून पाहिला. तव्यावरून नुकत्याच काढलेल्या भाकरीसारखी गरम. एकदम माझी चौपदरी गोधडी डोळ्यांपुढे आली आणि रामकिसनचं काचेचं काउंटरही.

"बेबी, याची हवा कुठून जाते?"

"खालून, बाई." ती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही कळलं. "खालूनच. तापला की तो स्वतःच हळू होतो. आणि झाडापाशी जाईपर्यंत दर वेळी..."

"दर वेळी तेवढी मिनिटं होतात."

तीन दिवस. तीन दिवस मी त्या पोरीला बोलत होते आणि यंत्राचं नाक मी स्वतः दाबून धरलं होतं. तिने मला एक शब्दही सुनावला नाही. सुनावला असता तर बरं वाटलं असतं.

मुनीमजींचं लाकडी उतरतं डेस्क रिकामं होतं. बेबीनंदाने ते मागून घेतलं, खालच्या कडेला पट्टी लावून लॅपटॉप त्यावर ठेवला आणि दहा मिनिटं निवू दिला. चहा झाला. साहेबरावांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"आता पानांची फाईल लाव," मी म्हणाले.

"बाई, ही हलकी आहे. धोका कशाला?"

"लाव म्हणते ना."

तिने लावली. फाटक, व्हरांडा, खिडक्या. आम्ही दोघी कोपऱ्याकडेच बघत होतो. चोवीस. चोवीस. पंचवीस. बुच आला आणि त्याची पानं पडद्यावर संथ सरकली. बेबीनंदाने झाडाला पूर्ण प्रदक्षिणा घातली, एकही धक्का बसला नाही. शेठ म्हणाले, "पुन्हा एकदा." मग म्हणाले, "वरच्या मजल्यावरून दाखव." मग त्यांनी बोटाने खोल्या मोजल्या. बारा भरल्या.

"ठीक," ते म्हणाले. "झाड राहू द्या."

"शेठजी, पण मुळ्या पाया उचलतील," साहेबराव सरसावून बसले. "भिंत फारच जवळ आहे. उद्या तडा गेला तर मला म्हणू नका."

हे खोटं नव्हतं. शेठ साहेबरावांकडे वळले. "भिंत किती सरकवली तर चालेल?"

"दहा फूट तरी."

बेबीनंदाने तिथल्या तिथे भिंत सरकवली. यंत्र आता इतकं छान पळत होतं की ती ओढत गेली तशी भिंत मागे गेली आणि टोकाची एक खोली आमच्या डोळ्यांदेखत बारीक होत होत संपली.

"एक वर्ग गेला," साहेबराव म्हणाले. "अकराच राह्यले."

"कोणता गेला?" शेठनी विचारलं.

बेबीनंदाने माझ्याकडे पाहिलं नाही. "चित्रकलेचा."

"अरे, मग काय!" शेठचा चेहरा उजळला. "चित्रकला झाडाखाली भरत होतीच की. बराबर ना, मास्तरीणबाई? तुम्हाला तर तेच आवडायचं."

एकोणीस वर्षांत खोली मिळावी म्हणून मी संस्थेला एकोणीस अर्ज केले होते. पावसाळ्यात मुलींचे रंग कागदावरून वाहून जायचे म्हणून. ते अर्ज याच पेढीवर यायचे. त्या दिवशी मी ते बोलले असते तर भिंत पुन्हा पुढे आली असती आणि झाड गेलं असतं. पडद्यावर बुच हिरवागार उभा होता.

"बराबर," मी म्हणाले. "पण फळा कुठे लावायचा?"

"खोडाला," साहेबराव म्हणाले.

"खोडाला खिळा मारायचा नाही," मी म्हणाले. "इतिवृत्तात लिहा."

ते हसले. मी हसले नाही. त्यांनी वही ओढून ते वाक्य लिहीपर्यंत मी गादीवरून उठलेच नाही.