देवलिपीतला काना

दुष्काळाचं साल. आमच्या गावात टँकर आठवड्यातून एकदाच यायचा. उदगीर जिल्हा होणार ही बातमी मात्र रोज यायची. अशात एका सकाळी महादेवाच्या देवळापुढे ही गर्दी! मी गुरांचा डॉक्टर. वाटलं, कुणाचा तरी वळू उधळला असेल. पण माणसं हात जोडून वर बघत होती.

दोन खांबांना निळा फ्लेक्स बांधलेला होता. कुणी जीपवाला भल्या सकाळी बांधून गेला होता. त्यावर एकच ओळ:

¯ÖÖÞÖß •Ö¯Öæ®Ö ¾ÖÖ¯Ö¸üÖ

देवळात मुक्कामाला आलेले तेजोनाथ महाराज खाली उभे राहून गरजत होते, "ही देवलिपी! हा गोल म्हणजे पिंड. वरचे दोन ठिपके म्हणजे अभिषेकाचे थेंब. घरटी एक घागर रोज हिच्या पायाशी ओता. अमावास्येला पाऊस पडंल, अन् नव्या जिल्ह्याची कचेरी उदगीरला न्हाई, याच गावात येईल!"

लोकांनी घागरी ओतायला सुरुवात केली. सरपंच अण्णाराव सगळ्यांच्या पुढे.

तिसऱ्या दिवशी सिद्धम्मा आजींनी मला बोलावलं. त्यांची देवणी जातीची गाय गाभण होती. ती बसली ती उठेना.

"आजी, हिला पाणी कधी पाजलं?"

"कालपासून न्हाई, डॉक्टरसाब. आधी देवाचं, मग हिचं. लई पुण्याचं काम करायलोय आमी."

मी गाईला सलाइन लावलं आणि रागारागात शाळा गाठली. तिथे शिकवणाऱ्या शिवकांता मॅडमना फ्लेक्सचा फोटो दाखवला. त्या आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "माझी प्रश्नपत्रिका उदगीरच्या दुकानात एकदा अशीच निघाली होती. संध्याकाळी सगळ्यांना शाळेत बोलवा. महाराजांनाही."

संध्याकाळी पडद्यावर त्याच वळणाची दुसरी ओळ झळकली. मॅडम नम्रपणे म्हणाल्या, "महाराज, ही पण देवलिपी दिसते. वाचता का?"

महाराजांनी डोळे मिटले. "वरुणदेव म्हणतो... भक्तहो, मी निघालो... मेघांवर बसून..."

मॅडमनी माउस फिरवला. अक्षरं पालटली: 'खोंड विकणे आहे. वय तीन वर्षे. स्वभावाने गरीब.'

मग मागून कुणीतरी विचारलं, "महाराज, मेघावर खोंड बसलाय का हो?" शाळा हशाने दणाणली.

"ही माया हाय!" महाराज ओरडले.

"माया नाही, आकडे आहेत," मॅडम म्हणाल्या. "आजी, इकडे या. हे बटण दाबून धरा आणि मी सांगते ते आकडे दाबा. शून्य, दोन, एक, चार. आता सोडा."

पडद्यावर Ö उमटला. सिद्धम्मा चपापल्या. "अगं बाई, माझ्या बोटातून देव?"

"देव नाही, जर्मन लोकांचं अक्षर. संगणकाला अक्षर कळत नाही, फक्त नंबर कळतो. युरोपातल्या अशा टिंबवाल्या, शेपटीवाल्या अक्षरांचे नंबर ठरलेले आहेत. मराठीला सुरुवातीला स्वतःचे नंबर मिळाले नव्हते. म्हणून जुन्या फॉन्टवाल्यांनी त्याच नंबरांच्या घरांत मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. या घरात बसवला काना." त्यांनी फॉन्ट बदलला, गोलाच्या जागी उभी रेघ आली. "मराठीत कान्यावाचून पान हलत नाही, म्हणून जागोजाग पिंडी दिसल्या. फ्लेक्स छापणाऱ्याकडे हा फॉन्ट नव्हता, इतकंच. आता युनिकोडमध्ये मराठीला स्वतःचे नंबर आहेत. त्यात लिहिलं असतं तर हा घोळ झाला नसता."

"मंग आपल्या फ्लेक्सवर काय लिवलंय?" अण्णारावांनी हळूच विचारलं.

मॅडमनी फोटोतली ती ओळ टाइप केली, फॉन्ट बदलला.

'पाणी जपून वापरा.'

कुणी हसलं नाही. सिद्धम्मांनी पदर तोंडाला लावला. महाराज चपला शोधू लागले तेव्हा अण्णाराव दारात आडवे आले. "थांबा. तुमच्या मुक्कामासाठी आमीच भरून दिलेला देवळातला हौद तसाच हाय. तो आधी गुरांना मोकळा करा, मंग जा."

त्या रात्री गाय पोटभर प्याली आणि पहाटे उठून उभी राहिली. सलाइन आणि पाणी, दुसरं काही नाही.

बाबांनो, न कळणारी गोष्ट समोर आली तर लाजू नका, घाबरू नका. 'मला कळत नाही' म्हणा आणि ज्याला कळतं त्याला विचारा. तो सांगेल ते करून बघा, पडताळा. एवढं केलं नाही, तर आपल्या अडाणीपणाचा अर्थ सांगायला कुणी ना कुणी येऊन बसतोच.